सत्कार झाले, हंगाम कुठे आहे?

१९ जानेवारी २०२५ ची रात्र आठवा. दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक संपला आणि दोन्ही अंतिम सामने भारताने जिंकले. दोन्ही वेळा समोर नेपाळ होता. महिलांनी ७८-४० असा सामना मारला, पुरुषांनी ५४-३६ असा. दोन्ही संघांचे कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे होते, प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर. रत्नागिरीतही त्या रात्री मोबाईल वाजत होते. खो-खो हा आपल्याकडे शाळेच्या पटांगणात, जांभ्याच्या तांबड्या मातीत खेळला जाणारा खेळ. अपेक्षा सुतार, ऐश्वर्या सावंत अशा मुली रत्नागिरीतून महाराष्ट्राच्या संघात गेल्या. त्यामुळे आनंद आपल्या घरातलाच होता.

आता या दोन कर्णधारांना शेजारी उभे करा. एकच राज्य, एकच खेळ, एकाच दिवशी जिंकलेला विश्वचषक. प्रतीक वाईकरला लीग आहे. अल्टिमेट खो-खोचा पहिला हंगाम २०२२ मध्ये पुण्याच्या बालेवाडीत झाला. सहा संघ, सहा मालक, टीव्हीवर थेट प्रक्षेपण, खेळाडूंना लाखांतले मानधन. दुसरा हंगाम डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ मध्ये कटकला झाला. प्रतीक तेलुगू योद्धाजकडून खेळला. प्रियंका कोणत्या संघाकडून खेळली? कोणत्याच नाही. ती कमी पडली असे नाही, तिच्यासाठी संघच नव्हता. हे दोन्ही हंगाम फक्त पुरुषांचे झाले.

यावर लगेच उत्तर येते, "सरकारने दोघांना सारखेच बक्षीस दिले की!" खरे आहे. महाराष्ट्र सरकारने विश्वविजेत्या खेळाडूंसाठी सव्वादोन कोटींचे बक्षीस आणि सरकारी नोकरी जाहीर केली आणि ते योग्यच केले. शेजारच्या कर्नाटकने आपल्या दोन विश्वविजेत्यांना, गौतम आणि चैत्राला, पाच-पाच लाख देऊ केले तेव्हा त्या दोघांनी महाराष्ट्राकडे बोट दाखवून ते नाकारले. चैत्राचा हा नकार मला विजयाइतकाच महत्त्वाचा वाटतो. त्याकडे मी पुढे येतो.

पण बक्षीस आणि हंगाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बक्षीस मिळते पंधरा जणींच्या संघातल्या त्या मुलींना, ज्या शेवटपर्यंत टिकल्या. त्या पंधरापर्यंत पोचण्याआधी ज्या दीड हजार जणी गळाल्या, त्यांना टिकवणारी गोष्ट म्हणजे हंगाम. वर्षातले ठरलेले महिने, ठरलेला पैसा, दुखापत झाली तर उपचार आणि पुढच्या वर्षी पुन्हा बोलावणे. कोकणातल्या माणसाला हंगाम हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. आंब्याच्या बागेत राखणीला येणारा गुरखासुद्धा आपले महिने किती आणि पगार किती हे बोलून मगच कलमाखाली झोपडी बांधतो. राज्याची जर्सी घालून खेळणाऱ्या मुलीला मात्र पुढच्या महिन्याचे काही सांगता येत नाही.

आमच्या ओळखीतली एक मुलगी आहे, नाव देत नाही. शाळेपासून खो-खो, पुढे विद्यापीठाच्या संघात. खुंटावर सूर मारायची तेव्हा शिवाजी स्टेडियमच्या कठड्यावर बसलेली पोरे मोबाईल खाली ठेवायची. वडील गवंड्याच्या हाताखाली, आई मासळीच्या कामाला. आता ती एका दुकानात काउंटरवर उभी असते. मी विचारले, खेळ का सोडला? म्हणाली, "सोडला कुठे दादा? स्पर्धेसाठी पाच दिवस सुट्टी मागितली, तर शेठ म्हणाला मग परत येऊच नको. घरी विचारलं, तर आई म्हणाली तूच बघ. मी बघितलं."

तिने बघितले आणि काउंटर निवडला. याला आपण "मुलीच खेळ सोडतात" म्हणतो.

इथे जात येते आणि ती कुठे येते हे नीट पाहिले पाहिजे. मैदानावर कोणी जात विचारत नाही असे क्रीडाप्रेमी सांगतात. मानू या. पण वाट बघण्याची ऐपत जातीवर आणि जमिनीवर ठरते. ज्या घरी दोन एकर कलमे आहेत किंवा ज्या घरी पेन्शन येते, ती मुलगी पंचवीस वर्षांपर्यंत राज्य संघाच्या निवडीची वाट बघू शकते. वाडीच्या टोकाला, बौद्धवाडीत किंवा चर्मकारवाडीत राहणाऱ्या मुलीच्या घरी ही वाट बघण्याची सोय नाही. सरकारी नोकरीतले पाच टक्के क्रीडा आरक्षण हा तिचा एकच रस्ता. आणि सरकारी भरतीच कंत्राटावर जाऊ लागल्यावर पाच टक्के कशाचे, हा प्रश्न उरतोच. हंगामाचा पगार नसलेला खेळ गरिबाला आपोआप गाळतो. त्यासाठी कोणाला जातीवाचक शब्द उच्चारावा लागत नाही.

आता थोडे दूर जाऊ या, अमेरिकेत. तिथे महिलांची व्यावसायिक बास्केटबॉल लीग १९९७ पासून चालू आहे. डब्ल्यूएनबीए. त्यातल्या बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय आहेत. अटलांटा ड्रीम हा त्यातला एक संघ. त्याचा २०२० चा हंगाम आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याने अभ्यासावा असा आहे, आणि तो त्यांनी जिंकला म्हणून नव्हे. २२ सामन्यांत ७ विजय, १५ पराभव. बाद फेरीसुद्धा गाठता आली नाही.

झाले असे. त्या वर्षी मे महिन्यात जॉर्ज फ्लॉइडचा खून झाला. करोनामुळे सगळी लीग फ्लोरिडात एकाच ठिकाणी बंदिस्त खेळवायची ठरली होती आणि खेळाडूंनी तो हंगाम ब्रिओना टेलरच्या नावाने खेळायचा निर्णय घेतला. पोलिसांनी स्वतःच्या घरात गोळ्या घातलेली ती तरुण कृष्णवर्णीय मुलगी. जर्सीवर तिचे नाव आले. अटलांटा ड्रीमची सहमालकीण केली लोफ्लर ही त्या वेळी जॉर्जिया राज्याची सिनेटर होती. तिने लीगच्या आयुक्तांना पत्र लिहून 'ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर'ला विरोध केला. खेळात राजकारण नको, हे नेहमीचेच पालुपद. स्वतः सिनेटमध्ये बसून!

खेळाडूंनी काय केले? त्यांनी मालकिणीच्या नावाने शिव्या दिल्या नाहीत. तिच्याविरुद्ध निवडणुकीला उभ्या असलेल्या राफाएल वॉर्नॉक यांच्याशी बोलल्या, त्यांची भूमिका तपासली आणि ऑगस्टच्या सुरुवातीला 'वॉर्नॉकला मत द्या' असे छापलेले शर्ट घालून मैदानावर आल्या. स्वतःच्या मालकिणीच्या संघातून. बाकीच्या संघांनीही तेच शर्ट घातले. वॉर्नॉक तेव्हा पाहणीत मागे होते. ५ जानेवारी २०२१ च्या फेरनिवडणुकीत ते जिंकले आणि जॉर्जियाचे पहिले कृष्णवर्णीय सिनेटर झाले. फेब्रुवारीत संघ विकला गेला. नव्या मालकांत रेनी माँटगोमेरी होती, याच संघाची माजी खेळाडू, जी २०२० चा हंगाम सोडून सामाजिक कामात उतरली होती.

आपली पोरे हे वाचून म्हणतील, काय हिंमत! हिंमत होतीच. पण मला त्यामागची व्यवस्था जास्त महत्त्वाची वाटते. या मुलींकडे लेखी करार होता. १९९८ पासूनची खेळाडूंची युनियन होती. त्याच वर्षी जानेवारीत युनियनने नवा करार करून घेतला होता आणि त्यात पूर्ण पगारी प्रसूती रजा होती. मालकिणीला राग आला म्हणून कोणाची भाकर बंद होणार नव्हती. हंगाम त्यांच्यावाचून होणार नव्हता, म्हणून त्यांच्या शर्टावरच्या दोन शब्दांना वजन आले.

नकाराला वजन येते ते असे. आपल्याकडेही याचे उदाहरण आहे आणि ते शंभर वर्षे जुने आहे. १९२० च्या चौरंगी क्रिकेट स्पर्धेत हिंदू संघाने बाळू पालवणकरांना त्यांच्या जातीमुळे डावलले, तेव्हा त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम संघातून बाहेर पडले. ज्या बाळूंना पुण्यात मैदानाबाहेर मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा दिला जायचा, ज्यांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले होते, त्यांना उपकर्णधार करणे संघाला भाग पडले. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले. (बाळू पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि पडले, हे मला माहीत आहे. कमेंटमध्ये कोणी तरी आठवण करून देईलच. त्यामुळे १९२० चा नकार खोटा ठरत नाही.) या भावांना नकार देता आला, कारण त्यांच्यावाचून तो संघ जिंकत नव्हता.

बाबासाहेबांनी ७ नोव्हेंबर १९३८ चा संप उभा केला तो संपाचा हक्क काढून घेणाऱ्या विधेयकाविरुद्ध. काम थांबवण्याचा हक्क नसलेला कामगार गुलाम ठरतो, हा त्यांचा मुद्दा होता. पण संप करायला आधी काम लागते. आपल्या खो-खोपटूंना ते कामच दिलेले नाही. त्या कशावर बहिष्कार टाकतील? नसलेल्या लीगवर? चैत्राला पाच लाख नाकारता आले, कारण विश्वचषक जिंकून झाला होता आणि सगळा देश बघत होता. काउंटरवर उभ्या असलेल्या मुलीकडे नाकारण्यासारखे काय आहे?

"महिलांचा खेळ बघतो कोण?" हा शेवटचा बुरूज. महिला प्रीमियर लीगचे उदाहरण घ्या. जानेवारी २०२३ मध्ये, एकही चेंडू पडायच्या आधी, प्रक्षेपणाचे हक्क ९५१ कोटींना गेले आणि पाच संघ ४६६९.९९ कोटींना. आधी पैसा लागला, मग प्रेक्षक आले. उलट कबड्डीत पाहा. २०१६ मध्ये पुरुषांच्या प्रो कबड्डीला जोडून महिलांचे तीन संघ उतरवले. अंतिम सामना २४-२३, एका गुणाचा फरक. यापेक्षा रंगतदार काय हवे होते? तरी तो प्रयोग तिथेच गुंडाळला. प्रेक्षक नव्हते की इच्छा नव्हती?

मित्रांनो, येत्या जयंतीला रत्नागिरीत मुलींचे सत्कार होतील. शाल, श्रीफळ, पंचशीलाचा ध्वज, फोटो. करा, पण त्याच मंचावरून काही गोष्टी मागा. खो-खो महासंघाने अल्टिमेट खो-खोच्या पुढच्या प्रत्येक हंगामात महिलांचे तितकेच संघ ठेवावेत. मालक तेच असोत, मैदान तेच असो, करार मात्र लेखी असावा आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचा विमा त्यात असावा. जिल्हा आणि राज्य पातळीवर खेळणाऱ्या मुलीला स्पर्धेच्या दिवसांची भरपगारी रजा खासगी दुकानातही मिळावी, यासाठी कामगार खात्याकडे निवेदन द्या. १९२८ मध्ये मुंबईच्या कौन्सिलात बाबासाहेब गिरणीतल्या बायांच्या प्रसूती लाभासाठी बोलले तेव्हाही मालकांचे म्हणणे परवडत नाही हेच होते.

आणि खेळाडू मुलींची संघटना. ती महासंघ काढून देणार नाही, कोणताही मालक देणार नाही. सुरुवात जिल्ह्यातल्या वीस-पंचवीस आजी-माजी खेळाडूंच्या बैठकीने होऊ शकते. जागा आपल्या समाजमंदिरात आहे, वही-पेन आपण देऊ, खुर्चीवर त्या बसतील. त्या काउंटरवरच्या मुलीला मी विचारले आहे. ती म्हणाली, "रविवारी ठेवा दादा, बाकी दिवस सुट्टी नाही."

जय भीम!