खिम्यातला बटाटा

पाकशास्त्रावर लिहिण्याचा तुम्हांस अधिकार काय, असे आमच्या वाचक भगिनी विचारतील तर तो प्रश्न रास्तच ठरेल. आमचे उभे आयुष्य सरकारी शाळेत मराठी शिकवण्यात गेले. हाती खडू राहिला, उलथने क्वचितच आले. त्यातून आजचा विषय खिम्याचा, तेव्हा शाकाहारी वाचकांची आधीच क्षमा मागतो. त्यांनी खिम्याच्या जागी सोयाबीनचा चुरा कल्पून पुढे वाचावे. पण शेवटपर्यंत वाचावे, कारण जे सांगावयाचे आहे ते केवळ चुलीवरचे नाही.

भालकी तालुक्यातील आमच्या गावी, आमच्या लहानपणी, घरातल्या चुलीवर मांस शिजत नसे. देवघर आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकच भिंत होती. त्यामुळे परसात लिंबाखाली तीन दगडांची चूल मांडावयाची, भांडी निराळी, पळी निराळी. धुळवडीचे मटण वडील स्वतः शिजवीत, आणि त्या दिवशी त्यांच्या हाताखाली वावरण्याचा मान आम्हां मुलांना मिळे. वर्षाकाठचा खिमा मात्र मातोश्रींचा. एकत्र कुटुंबात ताटे अकरा आणि खिमा अर्धा किलो. मटणाचे तुकडे मोजता येतात. कोणाच्या वाटीत चार आणि कोणाच्या दोन, हे पोरांच्या डोळ्यांतून सुटत नाही. खिमा मोजता येत नाही. मातोश्री त्यात मेथी मिळाली तर मेथी, नाही तर भिजवलेली हरभऱ्याची डाळ घालीत, आणि अर्ध्या किलोत अकराही जण तृप्त होऊन उठत. त्या स्वतः शेवटी बसत. भांडे पुसून घेतलेल्या भाकरीवर त्यांचे जेवण होई.

२००३ साली वडील गेले. त्यानंतरही खिमा होत राहिला आणि मातोश्रीच तो करीत राहिल्या; परंतु त्यांच्या ताटात तो पुन्हा कधी दिसला नाही. मीठ-तिखट पाहावयाचे झाले तर नातवाच्या तळहातावर थेंबभर रस्सा घालून त्यालाच विचारीत. आमच्याकडे पुष्कळ घरी असेच चालते, म्हणून आम्हांला त्यात वावगे असे काही वाटले नाही. न वाटण्याची सवय फार लवकर लागते.

गेल्या कार्तिकात त्या तापाने अंथरुणास खिळल्या. ताप उतरला, पण अंगात बळ येईना. डॉक्टरांनी सांगितले, औषधापेक्षा यांना आता अन्नाची गरज आहे. डाळ, दूध, अंडी द्या, आणि चालत असेल तर थोडा मऊ शिजवलेला खिमा. मातोश्रींच्या तोंडात दात मोजकेच, म्हणून खिमा. घरी आल्यावर आम्ही हळूच विषय काढला. त्यांनी भिंतीकडे तोंड केले. अंड्यालाही नकार. तुरीच्या डाळीचे वरण आणि कपभर दूध यांवर दिवस जाऊ लागले. डाळ आमच्या मुलखाची, उत्तमच. पण वाटीभर वरणात त्यांचे दोन घास बुडत आणि वाटी तशीच परत येई.

जानेवारीत आमची थोरली कन्या रजेवर आली. ती मस्कतला एका रुग्णालयात परिचारिका आहे. तिच्या खोलीत तिच्यासोबत फिलिपिन्सची एक परिचारिका राहते. दोघींची सुटी एका दिवशी आली की एक दिवस पिठले-भाकरी आणि दुसऱ्या वेळी गिनिलिंग, असा त्यांचा करार आहे. गिनिलिंग या शब्दाचा अर्थ दळलेले, बारीक केलेले. म्हणजे खिमाच. मात्र तेथे तो डुकराच्या किंवा गाईच्या मांसाचा करतात. आमच्या कन्येने मस्कतच्या चुलीवर तो बकऱ्याच्या खिम्याचा करून घेतला. "आजीला माझ्या हातचं खाऊ घालते," असे म्हणून तिने पिशवी उचलली आणि आम्हांलाही सोबत ओढले.

आठवड्याच्या बाजाराचा दिवस होता. खाटकाने सत्तूर पुसत नेहमीचा प्रश्न केला, "सर, हाथ का होना क्या मशीन का?" येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानी धरावी. यंत्रातून काढलेला खिमा फार बारीक होतो आणि शिजताना त्याचा लगदा होण्याचा संभव असतो. ओंडक्यावर सत्तुराने तोडलेला खिमा मोकळा राहतो. मांडीचे किंवा खांद्याचे मांस, त्यात किंचित चरबी, आणि तोडण्यापूर्वी ते धुऊन निथळलेले असावे. तोडल्यावर धुतले तर निम्मी चव पाण्याबरोबर वाहून जाते. आम्ही अर्धा किलो घेतला. सोया सॉसची बाटली मात्र शोधावी लागली. ती अखेर चायनीजच्या गाड्यांना माल पुरवणाऱ्या दुकानात मिळाली.

सहा जणांसाठी कृती अशी. बटाटे तीन, गाजरे दोन, दोन्हींच्या बोटाच्या पेराएवढ्या फोडी. मटारचे दाणे वाटीभर. कांदे दोन, लसणाच्या दहा पाकळ्या, पिकलेले टोमॅटो तीन, सारे बारीक चिरून. प्रथम तेलात बटाट्याच्या फोडी तांबूस परतून बाजूला काढाव्यात, म्हणजे त्या पुढे विरघळत नाहीत. त्याच तेलात लसूण, मग कांदा, मग टोमॅटो घालून तेल सुटेपर्यंत परतावे. त्यावर खिमा घालून गुठळ्या मोडीत राहावे. खिम्याला आधी पाणी सुटते. ते आटून त्याचा रंग पालटला की दोन मोठे चमचे सोया सॉस, अर्धा चमचा मिरपूड, एक तमालपत्र आणि दीड वाटी गरम पाणी घालून झाकण ठेवावे. बकऱ्याचे मांस शिजावयास अर्धा तास तरी मंद आच हवी. मग गाजर आणि बटाटा, दहा मिनिटांनी मटार आणि मूठभर बेदाणे, आणखी पाच मिनिटे. मीठ सर्वांत शेवटी आणि चव पाहून, कारण सोया सॉस मुळातच खारट असतो. वाढताना वर उकडलेल्या अंड्यांच्या फोडी आणि लिंबाची फोड. तिकडे हे भाताबरोबर खातात. आम्ही भात आणि ज्वारीची भाकरी दोन्ही केली.

आता या पदार्थाचे कुळ थोडे सांगावयास हवे, कारण ते आपल्याच कुळाला येऊन मिळते. खिमा हा शब्द तुर्की-फारसी वळणाचा. १३४७ साली गुलबर्ग्यास, म्हणजे आजच्या कलबुर्गीस, बहमनी राज्य उभे राहिले. पुढच्या शतकात राजधानी बिदरला आली. त्या भाषा बोलणारी माणसे या मुलखात शतकानुशतके नांदली आणि त्यांचे शब्द आपल्या जिभेवर राहिले. हैदराबादेत खिचडी, खिमा आणि खट्टा ही न्याहारी आजही चालते, आणि खिमा भरलेली चौकोनी लुखमी लग्नाच्या पंगतीत येते. तिकडे फिलिपिन्सवर १५६५ पासून १८९८ पर्यंत स्पेनची सत्ता होती. गिनिलिंगला तेथे पिकादियो असेही म्हणतात. तो शब्द स्पॅनिश आणि त्याचाही अर्थ बारीक तोडलेले. बटाटा, टोमॅटो आणि आपली मिरचीसुद्धा मूळची अमेरिका खंडातली. युरोपीय दर्यावर्दींच्या व्यापारातून ती पूर्वेकडे आली, आणि बटाटा हे नाव आपण पोर्तुगीजांकडून घेतले. पृथ्वीच्या दोन बाजूंच्या गृहिणींपुढे अडचण मात्र एकच होती: मांस थोडे आणि खाणारी तोंडे फार. एकीने त्यात डाळ घातली, दुसरीने बटाटा.

हे ज्ञान आम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून कन्येस देत होतो, आणि ती आमच्याकडून कांदे चिरून घेत होती. चूल आता परसात नाही. गॅस घरात आला तेव्हा मांसही मुकाट्याने घरात आले. मातोश्रींची खाट ओसरीवर. वास तेथवर गेला असावा. थोड्या वेळाने भिंतीला धरधरून त्या दारापाशी आल्या.

"काय घालायलीस गं त्यात?"

नातीने एकेक सांगितले.

"आन् हळद?"

"हळद नाही, आजी."

"तिखट?"

"तेही नाही."

"मग त्याला खिमा कोन म्हनंल!" असे म्हणून त्या तेथेच पाटावर बसल्या आणि पुढचा अर्धा तास आच कमी कर, झाकण काढू नको, बुडाला लागंल, अशा आज्ञा सुटत राहिल्या. कार्तिकापासून त्यांचा इतका आवाज घरात कोणी ऐकला नव्हता.

पाने मांडली. मातोश्रींच्या पानात वरण-भात होता. कन्येने काही न बोलता वाटीत चार बटाट्याच्या फोडी घेतल्या आणि त्यांच्यापुढे ठेवल्या. घरात शांतता पसरली. मातोश्रींनी वाटीकडे पाहिले, नातीकडे पाहिले, आणि म्हणाल्या, "बटाटा हाय. बटाट्याला काय हुतंय?" फोडींना खिमा चिकटलेला होता. तो त्यांनी झटकला नाही. भाकरी कुस्करून तिच्यावर रस्सा मागून घेतला. चार फोडींच्या सहा झाल्या, आणि शेवटी अर्धे अंडेही गेले.

रात्री त्यांचे पाय चेपताना आम्ही धीर करून विचारले, "आई, दादा गेल्यावर तुला सोडायला कोणी सांगितलं होतं?"

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सांगितलं कुनीच न्हवतं. पर खातीस का म्हनून कुनी इचारलं बी न्हवतं."

वाचकहो, आम्ही दरवर्षी वर्गात आगरकर शिकवतो. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी एका विधवेशी विवाह केला, १८९६ साली विधवांसाठी संस्था काढली, हे सांगताना आमचा आवाज चढतो. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा ती बातमी आम्ही शाळेच्या फळ्यावर लिहून काढली होती. कुंकू, बांगड्या, मंगळसूत्र, जोडवी यांची चर्चा त्या दिवशी सातवीच्या मुलांनीही केली. पण ताटाची आठवण आम्हां कोणास झाली नाही. ज्या माउलीने अकरा जणांत अर्धा किलो वाटताना कोणाला कमी पडू दिले नाही, तिच्या पानात काय वाढले जाते हे आम्ही इतकी वर्षे शेजारी बसून पाहिले नाही. हा दोष रूढीवर टाकता येईल. परंतु पंगतीत तिच्या शेजारी रूढी बसली नव्हती, आम्ही बसलो होतो.

ज्यांनी आपल्या श्रद्धेने मांस सोडले आहे त्यांना कोणी आग्रह करावा, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. तो नेम ज्याचा त्याने पाळावा. पण नेम कोणता आणि नुसते न विचारलेले राहून गेले ते कोणते, हे विचारल्यावाचून कळत नाही. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या घरांत भाषा टिकवावी म्हणून आपण फार जपतो. त्या जपणुकीत अशा काही गोष्टीही गाठोड्याबरोबर येतात. गाठोडे अधूनमधून सोडून पाहावे, एवढेच.

कन्या रजा संपवून परत गेली. जाताना आजीने तिला डबाभर येसर बांधून दिला आणि निरोप दिला, "तुज्या मैतरनीला म्हनावं, पुढच्या येळी थोडी हळद घाल." गेल्या रविवारी आम्ही एकटेच खाटकाकडे गेलो आणि अर्ध्या किलोऐवजी पाऊण किलो खिमा मागितला. पाहुणे आले आहेत काय, असे त्याने विचारले. आम्ही म्हटले, नाही. घरचेच एक पान वाढले आहे.