दोन पितळी घोड्या

आमच्या पुतण्यानें पहिल्या पगारांतून बास गिटार घेतली. तीहि जुन्या घाटाची. फुलर्टन येथील रेडिओ दुरुस्त करणारे लिओ फेंडर यांनीं १९५१ सालीं हा घाट विक्रीस आणला. तंबोऱ्याची घोडी वाचकांस ठाऊकच आहे. येथें चार तारांस दोनच घोड्या, एकीवर दोन तारा. जाड तारेस बारीक तारेहून किंचित् अधिक लांबी लागते. त्यामुळें एक तार सुरांत आणावी तर जोडीची बेसूर! १९५७ मध्यें कारखान्यानेंच चार घोड्या केल्या. पण चिरंजीवांस घाट जुनाच हवा आणि सूरहि हवा.

म्हणून तिरक्या माथ्याच्या पितळी घोड्या करविण्याचें ठरलें. एका कारखान्यानें, दोन नगांसाठीं यंत्र अडवितां येत नाहीं, म्हणून वाटेस लाविलें. अखेर पेठेंतील एका लेथवाल्याकडे आम्हीहि सोबत गेलों. "नकाशा कुठं आहे, साहेब?" त्यानें विचारलें. इंजिनियर पुतण्या गप्प! (वाचकांनीं हंसूं नये, आम्हांसहि तो काढतां आला नसता.) त्यानें जुनी घोडी व्हर्निअरनें मापली, स्क्रूचे आटे इंची आहेत, मिलिमीटरचे बसणार नाहींत, असें बजावलें आणि प्रत्येक तारेचें अंतर लिहून आणावयास सांगितलें.

आतां रोज रात्रीं पुतण्या बाराव्या पडद्यावर तार दाबतो, मोकळ्या तारेचा वरचा षड्ज नेमका मिळेपर्यंत घोडी सरकवितो आणि अंतर टिपून घेतो. तीन तारा झाल्या. सर्वांत जाड तेवढी राहिली आहे.