स्प्रिंगस्टीनचा दुसरा अल्बम आधी ऐका

ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या चाहत्यांमधला एक वाद पन्नास वर्षं झाली तरी मिटलेला नाही. 25 ऑगस्ट 1975 रोजी ‘बॉर्न टू रन’ आला आणि दोन महिन्यांनी ‘टाइम’ आणि ‘न्यूजवीक’ या दोन्ही साप्ताहिकांनी एकाच आठवड्यात स्प्रिंगस्टीनला मुखपृष्ठावर छापलं. खरा स्प्रिंगस्टीन तिथून सुरू होतो आणि आधीचे दोन अल्बम म्हणजे नुसती उमेदवारी, असं मानणारा पक्ष मोठा आहे. दुसरा पक्ष लहान, पण चिवट. 1973 सालच्या त्या दोन अल्बममध्ये जे होतं ते पुढे कधीच परत आलं नाही, असं त्याचं म्हणणं. हा स्तंभ दुसऱ्या पक्षाचा आहे, फक्त एक दुरुस्ती करून: पहिल्या अल्बमची वकिली करायची नाही. भांडायचं ते दुसऱ्यासाठी.

पहिला अल्बम, ‘ग्रीटिंग्ज फ्रॉम असबरी पार्क, एन. जे.’, जन्मालाच दोन मतांत अडकून आला. 1972 च्या मे महिन्यात जॉन हॅमंडने स्प्रिंगस्टीनला ऐकलं ते एकट्याला, हातात एक गिटार असताना. बिली हॉलिडे आणि बॉब डिलन यांना कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीत आणणारा हाच माणूस. त्याला या मुलात दुसरा डिलन दिसला आणि अल्बमही तसाच, गिटार आणि आवाजाचा, व्हावा असं त्याला वाटत होतं. स्प्रिंगस्टीन मात्र न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरच्या बारमध्ये वर्षानुवर्षं बँड घेऊन रात्री जागवलेला गडी. तो आपली पोरं घेऊन स्टुडिओत गेला. शेवटी तडजोड झाली आणि तडजोडीसारखीच ऐकू येते. ‘मेरी क्वीन ऑफ आर्कन्सॉ’ आणि ‘द एंजल’ ही गाणी आज ऐकवत नाहीत. दुसऱ्या गाण्यात रिचर्ड डेव्हिससारखा, व्हॅन मॉरिसनच्या ‘अ‍ॅस्ट्रल वीक्स’वर वाजवलेला बासवादक आहे, तरीही.

शब्दांचा भडिमार ही या अल्बमची दुसरी अडचण. यमकावर यमक, विशेषणावर विशेषण, श्वास घ्यायला जागा नाही. ‘ग्रोइंग अप’ आणि ‘इट्स हार्ड टू बी अ सेंट इन द सिटी’ मध्ये तो माज शोभतो. डेव्हिड बोवीला ही दोन्ही गाणी इतकी आवडली की त्याने ती स्वतः ध्वनिमुद्रित केली. बाकी बऱ्याच ठिकाणी मात्र पोरगा आपली वही रिकामी करतोय असं वाटतं.

तरी या अल्बममध्ये पुढची वाट दिसते, तीही एका नकारामुळे. कोलंबियाचा प्रमुख क्लाइव्ह डेव्हिस याने अल्बम ऐकून सांगितलं की रेडिओवर चालेल असं एकही गाणं यात नाही. स्प्रिंगस्टीन घरी गेला आणि ‘ब्लाइंडेड बाय द लाइट’ आणि ‘स्पिरिट इन द नाइट’ लिहून आला. सगळी मंडळी हजर नव्हती, म्हणून बास त्याने स्वतःच वाजवला. सॅक्सोफोनवर होता क्लॅरेन्स क्लेमन्स. त्या सॅक्सोफोनने अख्खा अल्बम जागा होतो. (रेडिओवर ‘ब्लाइंडेड’ चाललं खरं, पण 1977 मध्ये, मॅनफ्रेड मॅन्स अर्थ बँडच्या आवाजात. ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं.) स्प्रिंगस्टीनच्या स्वतःच्या अल्बमच्या पहिल्या वर्षात पंचवीस हजारांच्या आसपास प्रती खपल्या.

1973 मध्येच, त्याच स्टुडिओत, म्हणजे न्यूयॉर्क राज्यातल्या ब्लॉव्हेल्ट गावच्या ‘914 साउंड’मध्ये दुसरा अल्बम झाला: ‘द वाइल्ड, द इनोसंट अँड द ई स्ट्रीट शफल’. सात गाणी, त्यांतली चार सात मिनिटांहून लांब. वहीतले शब्द आता माणसं झाले आहेत. ‘सँडी’मध्ये असबरी पार्कचा लाकडी फळ्यांचा समुद्रकिनारी रस्ता आहे, चार जुलैचे फटाके आहेत, भविष्य सांगणारी मॅडम मेरी आहे आणि डॅनी फेडेरिचीचा अ‍ॅकॉर्डियन. जत्रा संपत आल्यावर जी एक उदासी येते, ती त्या अ‍ॅकॉर्डियनमध्ये उतरली आहे. न्यू जर्सीत आज मराठी माणसांचा मोठा गोतावळा आहे आणि एडिसनहून हा किनारा मोटारीने तासाभराच्या आत येतो. तिकडे जाणाऱ्यांनी हे गाणं सोबत न्यावं.

पण अल्बमचा जीव दुसऱ्या बाजूत आहे. ‘इन्सिडंट ऑन 57थ स्ट्रीट’, ‘रोझालिटा’ आणि ‘न्यूयॉर्क सिटी सेरेनेड’ अशी तीन गाणी सलग. शेवटच्या गाण्याची सुरुवात कान देऊन ऐकावी. डेव्हिड सँशस पियानोच्या पट्ट्यांना हात लावण्याआधी आतल्या तारा छेडतो, मग एकट्याने एक लांब, वळणं घेत जाणारा तुकडा वाजवतो. त्यात पाश्चात्त्य अभिजात संगीतही आहे आणि जॅझही. नंतर गिटार येते, कोंगा येतात, आणि गायक तोंड उघडेपर्यंत एखाद्या साध्या रेडिओ गाण्याचा निम्म्याहून अधिक वेळ उलटलेला असतो. घाई कुणालाच नाही. सँशस तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. बेलमार गावातल्या ज्या रस्त्यावर त्याची आई राहायची, त्याच ई स्ट्रीटचं नाव बँडला मिळालं.

या अल्बमवरचा नेहमीचा आक्षेप म्हणजे वादन ढिलं आहे आणि ध्वनिमुद्रण पातळ आहे. हा आक्षेप नवा नाही. स्प्रिंगस्टीनने 2016 च्या आत्मचरित्रात सांगितलंय की कोलंबियाच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याला बँडचं वादन कमअस्सल वाटलं आणि व्यावसायिक वादक घेऊन गाणी पुन्हा मुद्रित करावीत असं त्याने सुचवलं. स्प्रिंगस्टीनने नकार दिला. त्याच्या सगळ्या कारकिर्दीत इतका मोलाचा नकार क्वचितच सापडेल. नोव्हेंबर 1973 मध्ये अल्बम बाजारात आला. क्लाइव्ह डेव्हिसची तोवर गच्छंती झाली होती आणि कंपनीने अल्बमकडे फारसं लक्ष दिलं नाही.

ध्वनिमुद्रणाबद्दलची तक्रार रास्त आहे, ड्रम खरोखरच डब्यासारखे वाजतात. पण वादन ढिलं आहे हे मान्य करता येत नाही. ड्रमर व्हिनी लोपेझ ताल धरून ठेवत नाही, तो गाण्याशी हुज्जत घालतो. प्रत्येक ओळीला त्याचं काहीतरी उत्तर असतं. ‘रोझालिटा’त मुलगा खिडकीखाली उभा राहून मुलीला बोलावतोय, आईबापांना तो पसंत नाही, आणि त्याच्याकडे आता रेकॉर्ड कंपनीचे पैसे आहेत. या गोष्टीतला आनंद मोजून-मापून वाजवणाऱ्या हातांनी आला नसता. तिथे सगळेजण एकमेकांच्या पुढे पळत असतात आणि वळणावर बरोबर भेटतात. दहाएक वर्षं स्प्रिंगस्टीनच्या कार्यक्रमांची सांगता याच गाण्याने होत असे, ते उगाच नाही.

मग हे सगळं गेलं कुठे? फेब्रुवारी 1974 मध्ये लोपेझला काढलं आणि त्याच्या जागी अर्नेस्ट कार्टर आला. काही महिने सहा जणांच्या बँडमध्ये क्लेमन्स, सँशस आणि कार्टर असे तिघे कृष्णवर्णीय होते. अमेरिकन रॉकमध्ये त्या काळी हे किती विरळ होतं, ते निराळं सांगायला नको. ‘बॉर्न टू रन’ या एकाच गाण्यावर सहा महिने गेले, थरांवर थर चढले. ऑगस्टमध्ये सँशस आणि कार्टर आपला बँड काढायला निघून गेले. त्यांच्या जागी पियानोवर रॉय बिटन आणि ड्रमवर मॅक्स वाइनबर्ग आले. वाइनबर्ग ‘गॉडस्पेल’ या संगीतनाटकात वाजवून आलेला, शिस्तीचा. समीक्षक जॉन लँडाऊ सहनिर्माता झाला. गाणी भक्कम झाली, इमारतीसारखी उभी राहिली. लॅटिन ठेक्यानं, जॅझच्या अंगानं जाणारी वाट मात्र बंद झाली. दुसऱ्या अल्बममधल्या ‘किटीज बॅक’मध्ये ऑर्गनला जी मोकळी जागा मिळते, तशी जागा 1975 नंतरच्या स्प्रिंगस्टीनच्या स्टुडिओतल्या गाण्यांत शोधावी लागते.

विरोधी पक्षाकडे एक जबर पुरावा आहे आणि तो लपवून हा वाद जिंकता येणार नाही. 18 नोव्हेंबर 1975 रोजी नव्या बँडने लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमध्ये केलेला कार्यक्रम 2006 मध्ये अल्बम म्हणून आला. त्यात ‘किटीज बॅक’ सतरा मिनिटांचं आहे आणि वाइनबर्गच्या ड्रमवर ते अंगावर येतं. ‘ई स्ट्रीट शफल’ तिथे संथ केलेलं आहे, आणि अनेकांना तेच अधिक भावतं. नव्या बँडला जुनी गाणी येत नव्हती असं कुणीच म्हणू शकणार नाही. पण नीट पाहिलं तर त्या रात्री सगळ्यात मोकळी वाजलेली गाणी 1973 ची आहेत. त्यांची रचनाच अशी की वादकाने आत शिरावं आणि हवं तेवढं थांबावं. ‘बॉर्न टू रन’मधलं ‘जंगललँड’ तसं ताणता येत नाही, त्याचा प्रत्येक स्वर ठरलेला आहे.

7 नोव्हेंबर 2009 रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये स्प्रिंगस्टीनने दुसरा अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत वाजवला. पहिला अल्बम त्याच महिन्यात बफेलोत झाला. नव्याने ऐकू पाहणाऱ्याने 2014 साली बॉब लडविगने रीमास्टर केलेली प्रत घ्यावी, त्यात ड्रमचं ते डबडेपण पुष्कळ कमी झालंय. आधी दुसरी बाजू, मग पहिली. त्यानंतर ‘बॉर्न टू रन’ लावावा आणि सँशसच्या पियानोची उणीव भासते का ते स्वतःच ठरवावं.