पीएच.डी. करायची, पण पैसे कोण देणार?



खामगावकडच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. लेक शेगावच्या श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयातून मेकॅनिकल इंजिनियर झाली, मग एम.टेक. केलं. आता म्हणते, पवईच्या आय.आय.टी.त पीएच.डी. करीन, विषय कॉम्प्युटेशनल बायोमेकॅनिक्स. ताई लिहितात, “नावच तोंडात बसत नाही. धाकट्याचं शिक्षण व्हायचंय, यंदा कपाशीनं दगा दिला. आणखी पाच वर्षं पैसे कुठून आणू?”

ताई, पैसे तुम्ही आणायचेच नाहीत. आय.आय.टी.त किंवा नागपूरच्या व्ही.एन.आय.टी.त शिष्यवृत्तीच्या जागेवर निवड झाली, तर तिलाच दरमहा पैसे मिळतात. २०२३ साली वाढलेल्या दरानं पहिली दोन वर्षं ३७,००० रुपये, पुढे ४२,०००. त्यातून फी, खानावळ भागवायची आणि बदल्यात आठवड्याला काही तास शिकवण्याच्या कामात मदत करायची. मात्र जागा स्वीकारण्यापूर्वी तिनं विचारून घ्यावं: पैसे संस्थेचे की एखाद्या प्रकल्पाचे? प्रकल्प दोन-तीन वर्षांत संपला, तर पुढे काय? हे विचारायला मुली उगाच लाजतात.

राज्याच्या बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थाही आपापल्या समाजगटांतल्या मुलांना पीएच.डी.साठी शिष्यवृत्ती देतात. आधी नावनोंदणी, मग जाहिरात निघाली की अर्ज. एका वेळी दोन शिष्यवृत्त्या घेता येत नाहीत, बरं का! आणि घरसंसारात शिक्षण मागे पडलेल्या विज्ञानाच्या पदवीधर भगिनींनी केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची ‘वाईज’ योजना जरूर पाहावी. ती २७ ते ४५ वयाच्या स्त्रियांसाठी आहे.

आता विषयाचं. दिवसभर वाकून कापूस वेचला की संध्याकाळी कंबर धरते, हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. पण मणक्यावर नेमका कुठे, किती भार येतो, ते डोळ्यांनी दिसत नाही. सी.टी. स्कॅनवरून हाडाचं चित्र कॉम्प्युटरमध्ये उतरवतात, त्याचे हजारो बारीक तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्यावरचा ताण गणितानं काढतात. हाडांसाठी ही रीत १९७२ पासून वापरात आली. कृत्रिम गुडघा बसवण्याआधी तो कुठे झिजेल, याचा अंदाज असाच बांधतात. आपण मांडी घालतो, उकिडवं बसतो. खुर्चीवर बसणाऱ्यांपेक्षा आपला गुडघा कितीतरी जास्त वाकतो. त्याचं गणित आपल्याकडच्या मुलीनं नाही मांडायचं, तर कुणी?

परदेशाचंही तिच्या मनात आहे म्हणता. जर्मनी, नेदरलँड्समध्ये पीएच.डी. ही बहुधा पगारी नोकरीच असते. पण “पैसे भरा, जागा मिळवून देतो” म्हणणाऱ्या एजंटाला दारात उभं करू नका. अर्ज थेट प्राध्यापकाला किंवा विद्यापीठाला करता येतो.

एक खरं सांगते. डिग्री हातात आली की प्राध्यापकी चालून येते, असं नाही. पाच वर्षांची सहासुद्धा होतात. म्हणून गाईडच्या हाताखालच्या जुन्या विद्यार्थिनींशी तिनं आधी बोलावं: ते वेळ देतात का, कामाचं श्रेय देतात का.

लग्नाचं तुम्ही पत्राच्या शेवटी, बारीक अक्षरात लिहिलंय. ते तिलाच विचारा ना, ताई!

मुंबईच्या प्रवेशाच्या जाहिराती वर्षातून दोनदा निघतात. गेट परीक्षेचे फॉर्म साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात, परीक्षा फेब्रुवारीत, गुण तीन वर्षं चालतात. एम.टेक. झालेल्यांना ते लागतात की नाही, हे विभागागणिक बदलतं. माहितीपत्रक नीट वाचावं. मुलाखतीचं बोलावणं आलं, तर शेगावला रात्री विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसायचं, सकाळी मुंबई. पहिल्या खेपेला तुम्हीही जा तिच्याबरोबर.