गावकूस हलले, पण मोडले नाही

कर्जत-खोपोलीच्या लोकलने रोज ये-जा करणाऱ्या वाचकांना आमचे म्हणणे चटकन कळेल. बदलापूर सुटले की वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी रोड असे करीत गाडी कर्जतला येते. या साऱ्या वाटेवर घरांच्या जाहिरातींचे फलक उभे आहेत. स्वस्त घर, डोंगराचा देखावा, स्टेशनपासून दहा मिनिटे. यात वावगे काही नाही. पण मधूनच एखादा शब्द डोळ्यांत खुपतो. ‘शुद्ध शाकाहारी संकुल’, ‘समविचारी कुटुंबांची वसाहत’. समविचारी म्हणजे कोण? विचार तपासायला बिल्डर परीक्षा घेतो की काय? वाचणाऱ्याला अर्थ बरोबर कळतो. कुणी यावे हे फलक सांगत नाही, कुणी येऊ नये हे मात्र सांगतो.

घराचा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. १९१७ साली अमेरिकेत शिकून आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानात मोठ्या हुद्द्यावर रुजू झाले. तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत आसरा घेतला, तर तिथूनही लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. विद्या होती, हुद्दा होता, पगार होता. छप्पर नव्हते. ज्यांना वाटते की शिकलो, नोकरीला लागलो, फ्लॅटचे पैसे भरले की जात संपली, त्यांनी बडोदा आठवावे.

गावात आपली वस्ती गावकुसाबाहेर होती. तिथून आपले आजे-पणजे मुंबईला गेले. गिरणीत, गोदीत, रेल्वेत लागले. शहरातही जातवार खोल्या आणि जातवार चाळी होत्याच. तरी रस्ता एक होता, गाडीचा डबा एक होता. शहरात माणूस गर्दीत मिसळतो, ही एक आशा होती. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकेक करून बंद झाले, मुंबईतल्या जागा परवडेनाशा झाल्या आणि मुलाबाळांनी कल्याण, अंबरनाथ, बदलापूर, कर्जत अशी वाट धरली. आता पनवेलहून चिखले, मोहोपे, चौक करीत कर्जतला येणारा नवा उपनगरी मार्ग आखला गेल्याने खालापूर तालुक्यातल्या जमिनीलाही भाव आला आहे. शहर आपल्या दारापर्यंत आले. पण ते येताना गावकूसही बरोबर घेऊन आले.

भाड्याने घर पाहायला गेलेल्या आपल्या माणसाला काय विचारतात? आधी आडनाव. आडनावावरून कळले नाही तर गाव. गाव सांगितले तर ‘गावात कुठे?’ एवढ्यानेही भागले नाही तर, ‘मासे-मटण चालते का तुमच्यात?’ आमच्या परिचयातील एका शिक्षिकेने टोकनचे पैसे दिले होते. बोलता बोलता दलालाने विचारले, “भिंतीवर फोटो कुणाचा लावणार, ताई?” त्यांनी तथागतांचे आणि बाबासाहेबांचे नाव घेतले. दुसऱ्या दिवशी मालकाचा भाऊ अचानक गावाहून राहायला यायचा ठरला आणि टोकन परत आले. कुणी शिवी दिली नाही, आवाज चढवला नाही. आजची अस्पृश्यता अशी गोड बोलते. प्रा. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात भाड्याच्या घरांची पाहणी करून २०१५ साली ती प्रसिद्ध केली. एकाच घरासाठी वेगवेगळ्या नावांनी विचारणा केली, तेव्हा दलित आणि मुस्लिम नावांना नकार मिळाले आणि मुस्लिमांना सर्वांत जास्त मिळाले.

आता दोन घटना शेजारी-शेजारी ठेवून पाहू. २०२३ साली मुलुंडमध्ये एका मराठी बाईंना मराठी म्हणून कार्यालयाला जागा नाकारली गेली. महाराष्ट्रभर संताप उसळला आणि तो योग्यच होता. २०२५ च्या सप्टेंबरात आपल्या नेरळमध्ये ‘हलाल’ राहणीमानाच्या नावाने एका गृहसंकुलाची जाहिरात झाली. तीवर गदारोळ झाला आणि राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने राज्य शासनाकडे अहवाल मागितला. आम्हालाही ती जाहिरात पटली नाही. धर्माच्या नावाने वसाहत विकणे वाईटच. पण मग ‘फक्त शाकाहारी’ हे फलक इतकी वर्षे उभे आहेत, त्यांचा अहवाल कुणी मागितला? मुंबईत ज्याला नावावरून दहा दारांतून परत पाठवले, तो शेवटी आपल्या माणसांची वसाहत शोधतो. आधी दारे लावायची आणि मग तो वेगळा राहतो म्हणून ओरडायचे, हा न्याय नव्हे. मोजायचे तर सर्वांना एकाच मापाने मोजा.

हे दुखणे केवळ आपल्या देशाचे नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत लेव्हिट नावाच्या बिल्डरने न्यूयॉर्कजवळ हजारो स्वस्त घरांचे उपनगर उभारले. गोऱ्यांखेरीज कुणी तिथे राहू नये, अशी अटच करारात घातली होती. घरात काम करणारा काळा नोकर चालत होता, शेजारी चालत नव्हता. १९४८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने असले करार कोर्टामार्फत अमलात आणता येणार नाहीत, असा निकाल दिला. तरी १९५७ साली त्याच बिल्डरच्या पेनसिल्व्हानियातील वसाहतीत एक काळे कुटुंब राहायला आले, तेव्हा जमाव जमला आणि घरावर दगड पडले. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांची १९६८ साली हत्या झाली, त्यानंतर आठवडाभरात घरांच्या भेदभावाविरुद्ध कायदा झाला. एवढ्या काळात व्हायचे ते नुकसान झालेच होते. तिथल्या शाळा बऱ्याच अंशी त्या-त्या भागातल्या घरपट्टीवर चालतात. त्यामुळे घराभोवती घातलेली भिंत शाळेभोवतीही पडली, आणि आजोबांना नाकारलेले घर नातवाला चांगल्या शाळेपासून तोडून गेले.

आपल्या दोन तालुक्यांत ही भिंत आणखी एका जागी दिसते. कर्जत-खालापुरात ठाकर आणि कातकरी बांधवांच्या वाड्या आहेत. अनेक कातकरी वाड्यांखालची जमीन दुसऱ्याच्या नावावर आहे. सातबाऱ्यावर नाव नाही, घर मात्र पिढ्यान्‌पिढ्या तिथेच. शहरातला पैसा फार्महाऊससाठी आला, जमिनी विकल्या गेल्या, तारेची कुंपणे पडली, पाण्याच्या वाटा अडल्या. त्याच फार्महाऊसवर माळी म्हणून, वॉचमन म्हणून वाडीतला माणूस चालतो. सुट्टीसाठी आलेल्याला जो डोंगर देखावा म्हणून हवा असतो, त्याच डोंगराच्या कुशीत माणसे जीव मुठीत धरून राहतात. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला ही वाडी कळली. तोवर ती कुणाच्या नकाशात होती? आणि आपल्या बौद्धवस्तीनेही स्वतःला विचारावे. कातकरी भाडेकरू आला तर आपण त्याला खोली देऊ का?

अशा वेळी समाजात एक विचार बोलला जातो. आपणच एकत्र जमीन घेऊन फक्त आपल्या लोकांची वसाहत का करू नये? हा विचार झटकून टाकण्यासारखा नाही. जुलै १९४२ च्या नागपूर परिषदेत दलितांच्या स्वतंत्र गावांची मागणी झाली होती, आणि १९४७ साली बाबासाहेबांनी घटना समितीपुढे ठेवलेल्या निवेदनातही स्वतंत्र वसाहतींची मागणी होती. पण तिचा अर्थ नीट समजून घ्यावा. ती मागणी जमिनीची, संरक्षणाची आणि गावाच्या गुलामीतून सुटण्याची होती. दुसऱ्याला दार लावण्याची नव्हती. त्याच बाबासाहेबांनी स्वतःचे राजगृह बांधले ते दादरच्या हिंदू कॉलनीत. पुस्तकांनी भरलेले घर त्यांनी भर वस्तीत उभे केले. आमचे मत असे की, विहार आपले असावे, वाचनालय आपले असावे, अडीअडचणीला धावणारी माणसे जवळ असावीत. पण घराच्या दारावर जातीची पाटी नसावी, आपल्याही नसावी. पिडलेल्याने आसरा शोधणे वेगळे आणि बळकटाने कुंपण घालणे वेगळे. तरीही आसऱ्याचे कुंपण व्हायला फार वर्षे लागत नाहीत.

कायद्याचे थोडे सांगतो. कारकुनी करणाऱ्या माणसाला कागदाची किंमत कळते. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत घर बांधण्यास, घेण्यास किंवा तिथे राहण्यास आडकाठी करणे, हा १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ४ नुसार गुन्हा आहे. आपल्याला राहते घर किंवा गाव सोडायला भाग पाडणे अॅट्रॉसिटी कायद्यात येते, आणि १९९० च्या दुरुस्तीमुळे अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांचा तो दर्जा कायम आहे. सहकारी संस्थांच्या १९६० च्या राज्य कायद्यातील कलम २३ प्रमाणे पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. अर्ज दिल्यापासून तीन महिन्यांत सोसायटीने निर्णय कळवला नाही, तर तो सभासद झाला असे कलम २२ मानते. नकार आला तर निबंधकाकडे अपील आहे.

कायद्याला फटीही आहेत. अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने एका समाजापुरते सभासदत्व ठेवणारा उपविधी ग्राह्य धरला. शिवाय भाड्याने नाकारणारा मालक कारण कधी लिहून देत नाही. म्हणूनच आपले काम चोख हवे. अर्ज लेखी द्या. पोच घ्या. तारीख, शिक्का आणि सही पाहा. दलालाशी बोलणे झाले की तारीख-वारासह वहीत टिपून ठेवा. जाहिरातीचा फोटो काढा. टोकनची पावती फाडू नका. तोंडी अपमान वाऱ्यावर जातो, कागदावरचा अपमान कार्यालयात उभा राहतो.

आणि माता-भगिनींना एक विनंती. घर मिळावे म्हणून मुलांना आडनाव लपवायला शिकवू नका. ‘विचारले तर अमुक सांग’ असे आपण एकदा म्हणालो की त्या पोराच्या मनात गावकूस उभे राहते आणि ते कोणत्याच कायद्याने पाडता येत नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या महाडला २० मार्च १९२७ रोजी हजारो माणसे उजळ माथ्याने, आपल्या नावानिशी तळ्यावर गेली होती. त्यांच्या नातवंडांनी सोसायटीच्या गेटवरच्या वहीत आपले पूर्ण नाव ठसठशीत अक्षरात लिहावे. मग दार उघडायचे की नाही, याचे उत्तर त्यांना द्यावे लागू द्या.