पुन्हा रुजू होताना

दिवाळीच्या फराळाला आप्तेष्ट जमले, म्हणजे चिवड्याची बशी पुढे सरकवता सरकवता ‘सध्या काय चाललंय?’ असे अगदी सहज विचारण्याचा आपल्याकडे शिरस्ता आहे. आणि विचारणाऱ्याच्या मनात यत्किंचितही किल्मिष नसले, तरी ज्याची वर्षे नैराश्याच्या आजारात गेलेली आहेत आणि ज्याने त्या काळात कचेरीचा उंबरठा ओलांडलेला नाही, त्याला त्या प्रश्नाचे उत्तर देताना जिवावर येते. ह्या एका प्रश्नाच्या धास्तीने सणासुदीला घराबाहेर न पडणारी माणसे आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाची असतील. यंदाच्या अंकाचा प्रारंभ त्यांच्याविषयी, किंबहुना ती ज्या दिवशी कामावर परत येतात त्या दिवशी तेथे अगोदरच बसलेल्या आपणा सर्वांविषयी, चार शब्द लिहून करावा असे वाटले.

‘कामात मन गुंतवा, आपोआप बरे वाटेल,’ हा उपदेश अशा माणसाने अनेकांच्या तोंडून ऐकलेला असतो. त्यात तथ्य मुळीच नाही असे नव्हे. परंतु आजाराची चाल त्यात ध्यानी घेतलेली नसते. औषधाचा गुण दिसू लागण्यासच काही आठवडे जातात, आणि बरे वाटू लागल्यावरही निदान सहा महिने ते चालू ठेवावे असा वैद्यकाचा सर्वसाधारण दंडक आहे. म्हणजे कामावर परतलेला मनुष्य पुष्कळदा उपचार चालू असतानाच परतलेला असतो. उदासीनता ओसरली, झोप लागू लागली, अन्नाला चव आली, तरी एकाग्रता आणि निर्णयशक्ती मागाहून, रेंगाळत येतात. कित्येकांना सकाळचा प्रहर सर्वांत जड जातो, आणि हजेरीचा अंमल तर नेमका त्याच प्रहरी सुरू होतो.

आपल्या नोकरीच्या कायदेकानूंत रजेचे प्रकार थोडे नाहीत. अर्जित रजा आहे, अर्धवेतनी आहे, परिवर्तित आहे, काहीच शिल्लक उरले नाही तर असाधारण रजाही आहे. आजारपणाची रजा संपवून येणाऱ्या सरकारी नोकराने तंदुरुस्तीचा दाखला हजर केला, की त्याला रुजू करून घेतले जाते. तथापि ह्या सर्व तजविजीत मनुष्य एक तर रजेवर असतो, नाही तर कामावर. दाखला दफ्तरी दाखल होताच, काल ज्याला स्वतःच्या नावाचे पत्र उघडवत नव्हते, त्याच्या टेबलावर तुंबलेल्या प्रकरणांचा ढीग येऊन पडतो. दुखण्यातून उठलेल्या बैलाला जाणता शेतकरी पहिल्याच दिवशी नांगराला जुंपत नाही. हे तारतम्य आपल्या कचेऱ्यांना का साधू नये? जागतिक आरोग्य संघटनेने 2022 च्या सप्टेंबरात कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांतही आजारानंतर कामावर परतणाऱ्याला सोयी करून देण्याचा आणि त्याचे उपचार चालू ठेवण्याचा विचार आहे.

आमच्या परिचयाच्या एका मुद्रणालयात एक मुद्रितशोधक दीर्घ आजारानंतर परतले, तेव्हा तेथील व्यवस्थापकांनी जे केले ते येथे नमूद करण्याजोगे आहे. त्यांनी गृहस्थांना दुपारी बारानंतर यायला सांगितले, आणि पहिल्या आठवड्यात एका पुस्तकाची केवळ शब्दसूची तपासायला दिली. ओळीखाली लाकडी पट्टी धरायची, बोट ठेवायचे, मूळ प्रतीशी ताडून पाहायचे आणि पट्टी एका ओळीने खाली सरकवायची. पूर्वी जे पान ते काही मिनिटांत हातावेगळे करीत, त्याला आता तास लागे. कोणी घाई केली नाही, आणि त्यांनी तपासलेले पान त्यांच्या नकळत दुसऱ्याकडून पुन्हा तपासूनही घेतले नाही. ही दुसरी गोष्ट मला पहिलीहून मोलाची वाटते. तिसऱ्या की चौथ्या दिवशी एका आडनावातला चुकीचा दीर्घ त्यांनी लाल शाईने ऱ्हस्व केला, समासात खूण केली, आणि लेखकाला विचारून घ्यावे, असे स्वतः होऊन सुचवले. आपले मत मांडण्याची ती त्यांची कित्येक महिन्यांतली पहिलीच वेळ होती.

कलावंताच्या चरित्रातही कामाकडे परतण्याचा क्रम असाच वाकडातिकडा दिसतो. रशियन संगीतकार सर्गेई रखमानिनॉव्ह ह्याच्या पहिल्या सिंफनीचा प्रयोग 1897 साली पीटर्सबर्गला पार फसला, आणि पंचविशीही न गाठलेल्या ह्या तरुणाच्या हातून पुढे सुमारे तीन वर्षे महत्त्वाची अशी रचना झाली नाही. मधल्या काळात त्याने मॉस्कोच्या एका खाजगी ऑपेरा मंडळीत एक हंगाम वाद्यवृंद-संचालकाची नोकरी केली, म्हणजे संगीताशी असलेला संबंध त्याने तुटू दिला नाही. पण स्वतःचे लिहिणे मात्र परतले नाही. 1900 च्या आरंभी डॉ. निकोलाय दाल ह्यांचे उपचार सुरू झाले, आणि त्यानंतर त्याने आपला दुसरा पियानो काँचेर्टो हाती घेतला. त्याचे दुसरा आणि तिसरा हे भाग आधी सिद्ध होऊन त्याच वर्षअखेरीस श्रोत्यांपुढे आले, पहिला भाग मागाहून लिहिला गेला, आणि 1901 मध्ये पूर्ण झालेली ही कृती त्याने दाल ह्यांनाच अर्पण केली. जे जमेल त्या टोकाकडून कामाला हात घालण्याची मुभा त्याला होती. आपल्या कारकुनाला, शिक्षिकेला, यंत्रावरच्या कामगाराला ती कोण देणार?

कायद्याने काही पावले पुढे टाकलेली आहेत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे, आणि सेवेत असताना दिव्यांगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेला कोणास काढून टाकता येत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारालाही विम्याचे संरक्षण देण्याचे बंधन विमा कंपन्यांवर घातले आहे. परंतु शेजारच्या खुर्चीवरील सहकाऱ्याने कसे वागावे, हे कोणत्याही कलमात लिहिता येणार नाही. चौकशीचा ससेमिरा जितका जाचक, तितकीच ती अनुकंपाही जाचक, जी ‘तुम्ही नुसते बसा, आम्ही करतो’ असे म्हणून माणसाच्या हातचे काम काढून घेते. कारण आपल्याविना सर्व सुरळीत चालते, ही जी भावना त्याला आजारात पोखरीत होती, तिलाच अशा दयेने पुष्टी मिळते. त्याला काम द्यावे, ते बेताचे द्यावे, आणि ते झाल्यावर त्याचा खरोखर उपयोग करावा. आजाराविषयी त्याने आपण होऊन सांगितले तर ऐकावे. न सांगितले, तर कालपर्यंतच्या कामाची हकिगत त्याला सांगून चहा मागवावा.

आणि ज्यांना अद्याप दाखल्यापर्यंतही पोहोचता आलेले नाही, त्यांच्या घरच्यांसाठी एक व्यावहारिक सूचना. शासनाची टेली-मानस ही विनामूल्य सेवा 14416 ह्या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध असून तेथे मराठीत बोलता येते. आजारी माणसाला फोन उचलणेही जड जात असेल, तर घरातील दुसऱ्या कोणी तो लावावा.