पेटीतून घरी आलेल्या बाळांच्या आईवडिलांना, आजीआजोबांना आणि शिक्षकांना आवाहन

नवजात कक्षातून बाळ घरी आलं की पेढे वाटले जातात, आणि वाटावेतच. तिसाव्या आठवड्यात जन्मलेलं, किलो-सव्वा किलोचं बाळ काचेच्या पेटीत दिवस काढून घरी येतं, ही लहान गोष्ट नव्हे. पण वजन वाढायला लागलं की घरच्यांना वाटतं, संकट टळलं. मग पुढच्या तपासण्यांच्या तारखा लिहिलेली फाईल कपाटात जाते. आमचं सांगणं एवढंच आहे: या मुलांची तपासणी शाळेत रुळेपर्यंत सोडू नका.

३२ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाच्या मेंदूची पोटात व्हायची बरीचशी वाढ नळ्या, दिवे आणि यंत्रांच्या आवाजात होते. यातली बहुतेक मुलं चालतात, बोलतात, शाळेत जातात. काहींना अडचण येते आणि ती अनेकदा उशिरा कळते. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी, डॉ. आनंद पंडित आणि सहकाऱ्यांनी दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांकडे वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. बाराव्या वर्षी या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक ८९.५ निघाला, तुलनेसाठी घेतलेल्या मुलांचा ९७.२. दिवसही अपुरे आणि दिवसांच्या मानाने वजनही कमी, अशी मुलं सर्वांत मागे होती. सरासरी पाहिली तर सगळं ‘नॉर्मल’मध्येच बसतं. खरी ओढाताण दिसली ती लिहिण्यात, गणितात आणि डोळ्यांनी पाहून हातांनी करायच्या कामांत. हा आकडा परदेशातला नाही, आपल्याच घरांतल्या मुलांचा आहे.

घरच्यांनी काय करावं? आधी वय नीट मोजा. दहा आठवडे लवकर आलेलं बाळ सहा महिन्यांचं झालं, तर त्याच्याकडून साडेतीन-चार महिन्यांच्या बाळाएवढीच अपेक्षा ठेवा. दोन वर्षांपर्यंत हाच हिशेब चालवा. लसी मात्र जन्मतारखेनुसारच द्यायच्या, तिथे वजाबाकी नाही. डोळ्यांच्या पडद्याची पहिली तपासणी जन्मापासून महिन्याच्या आत झालीच पाहिजे. ती वेळ हुकली तर नजर जाऊ शकते. कानांचीही तपासणी करून घ्या. ऐकू न येणारं मूल बोलणार कसं?

‘याचा बापही उशिराच बोलला होता,’ असं आजी म्हणतात. असेलही, पण आधी तपासून घ्या, मग खुशाल म्हणा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत आणि तिथली तपासणी व उपचार मोफत आहेत. आशाताईंना विचारलंत तर त्या वाट दाखवतील. घरात बाळाशी भरपूर बोला, ओव्या म्हणा, हातात वाटी-चमचा द्या. दोन वर्षांच्या आत मोबाईल नको. आणि ‘तूच दगदग केलीस’ असं आईला कुणी म्हणू नका. त्या बोलण्याने बाळाचं काडीचंही भलं होत नाही.

शाळेत घालायची घाई तर मुळीच नको. फेब्रुवारीत यायचं मूल डिसेंबरात जन्मलं, तर जन्मतारखेच्या जोरावर त्याला एक वर्ष आधी पहिलीत बसवता येतं. येतं म्हणून बसवू नका.

शिक्षकांना एक विनंती. तोंडी उत्तरं फटाफट देणारं, पण फळ्यावरचं उतरवून घेताना मागे पडणारं मूल तुमच्या वर्गात असेल. त्याच्या वहीवर ‘आळशी’ असा शेरा मारण्याआधी पालकांना बोलावून विचारा, जन्माच्या वेळी वजन किती होतं, किती दिवस आधी झालं. उत्तर तसं आलं, तर तपासणीसाठी चिठ्ठी द्या. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र असलेल्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळतात, पण ती धावपळ दहावीच्या तोंडावर नको. तिसरीतच सुरू करा.